टक्का विचारण्याआधी पैसा कुठून येणार ते विचारा

बीड जिल्ह्यात गेल्या काही वर्षांत अनेक घरांत एकरकमी पैसा आला. अहिल्यानगर–बीड–परळी रेल्वेमार्गात आणि धुळे–सोलापूर महामार्गात जमिनी गेल्या, त्यांचा मोबदला आला. परळीच्या औष्णिक केंद्रातून, एसटीतून, जिल्हा परिषदेच्या शाळांतून माणसं निवृत्त झाली, त्यांची ग्रॅच्युइटी आणि भविष्यनिर्वाह निधी आला. यातला बराच पैसा जास्त व्याजाच्या ओढीने मल्टिस्टेट पतसंस्थांत गेला. बीडमध्ये मुख्यालय असलेल्या ज्ञानराधा मल्टिस्टेटचं काय झालं, ते जिल्ह्याने पाहिलं आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये संबंधित उद्योगसमूहावर प्राप्तिकर खात्याचे छापे पडले, ठेवी काढायला झुंबड उडाली आणि पुढे पैसे मिळणंच थांबलं. जून २०२४ मध्ये संस्थेच्या अध्यक्षांना अटक झाली, त्यानंतर ईडीने मालमत्तांवर टाच आणली. लेकीच्या लग्नासाठी, दवाखान्यासाठी, म्हातारपणासाठी ठेवलेला पैसा लाखो ठेवीदारांना वेळेवर मिळाला नाही.

त्यानंतर लोक दोन टोकांना गेलेले दिसतात. काहींनी पैसा बचत खात्यात पडू दिला आहे आणि महागाई तो कुरतडते आहे. काही जण मोबाइलवर ‘महिन्याला पाच टक्के’ सांगणाऱ्यांच्या मागे लागले आहेत. या दोहोंच्या मधला रस्ता आहे: सरकारी योजनांचा पाया, त्यावर चांगले बॉन्ड फंड आणि थोडे नियमित लाभांश देणारे शेअर. हा रस्ता बीडच्या माणसाने कसा चालावा, ते इथे सांगतो. दर आणि नियम २०२५ सालचे आहेत, व्यवहारापूर्वी ते पुन्हा तपासून घ्या. कंपन्यांची नावं समजावण्यासाठी घेतली आहेत, खरेदीची शिफारस म्हणून नाही.

आधी जामीनदार ओळखा

कुठेही पैसा ठेवताना आपण पहिला प्रश्न विचारतो, ‘किती टक्के?’ पहिला प्रश्न हवा तो असा: ‘हे व्याज कुठल्या कमाईतून येणार, आणि ती कमाई थांबली तर माझं मुद्दल कोण देणार?’

बँकेतल्या ठेवीला विमा आहे. एका बँकेत एका ठेवीदाराची मुद्दल आणि व्याज मिळून ५ लाख रुपयांपर्यंतची रक्कम सुरक्षित असते. ही मर्यादा ४ फेब्रुवारी २०२० पासून लागू आहे आणि ती नागरी व जिल्हा सहकारी बँकांनाही लागू पडते. पतसंस्थेला आणि मल्टिस्टेट पतसंस्थेला हा विमा नाही. त्यांच्यावर रिझर्व्ह बँकेची देखरेखही नसते. मल्टिस्टेट संस्था २००२ च्या केंद्रीय कायद्याखाली नोंदल्या जातात आणि त्यांचे निबंधक दिल्लीत असतात. पाटीवर ‘केंद्र सरकार नोंदणीकृत’ लिहिलं, म्हणून केंद्र सरकार ठेवीला जामीन राहत नाही.

पोस्टाच्या योजनेला आणि सरकारी रोख्याला मात्र खुद्द केंद्र सरकार जबाबदार असतं. बॉन्ड फंड तुमचा पैसा सरकारला आणि कंपन्यांना कर्जाऊ देतो, त्यामुळे ते कर्जदार कसे आहेत यावर सगळं ठरतं. शेअरला जामीनदारच नसतो. तिथे तुम्ही मालक असता, नफ्यात वाटा मिळतो आणि तोटाही तुमचाच.

शेतीच्या भाषेत बोलायचं तर रोखा म्हणजे ठोक्याने दिलेली जमीन आणि शेअर म्हणजे बटईने दिलेली जमीन. ठोक्यात रक्कम ठरलेली असते, मात्र चांगल्या पिकाचा फायदा तुमच्याकडे येत नाही. बटईत पीक आलं तर वाटा मोठा, पाऊस रुसला तर हात रिकामे. उतारवयात बहुतेक पैसा ठोक्याने आणि थोडा बटईने ठेवावा.

पाया: पोस्ट आणि सरकारी रोखे

ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत ६० वर्षांवरील व्यक्तीला ३० लाखांपर्यंत रक्कम ठेवता येते. ५५ ते ६० या वयात निवृत्त झालेल्यांनाही ती मिळते, मात्र निवृत्तीची रक्कम हाती आल्यापासून तीन महिन्यांत खातं उघडावं लागतं. दर ८.२ टक्के, मुदत पाच वर्षं, व्याज दर तिमाहीला खात्यात. इतका भरवशाचा आणि इतका चांगला दर दुसरीकडे सहसा मिळत नाही. म्हणून पात्र माणसाने सुरुवात इथूनच करावी.

पोस्टाच्या मासिक प्राप्ती योजनेला वयाची अशी अट नाही, त्यामुळे जमिनीचा मोबदला मिळालेल्या पन्नाशीच्या शेतकऱ्याला ती उपयोगी आहे. एकट्याच्या नावावर ९ लाख, जोडखात्यात १५ लाख, दर ७.४ टक्के. रिझर्व्ह बँकेचे बदलत्या दराचे बचत रोखे सात वर्षांचे असतात. त्यांचा दर राष्ट्रीय बचत प्रमाणपत्राच्या दरापेक्षा ०.३५ टक्क्याने जास्त असतो आणि दर सहा महिन्यांनी बदलतो. २०२५ मध्ये तो ८.०५ टक्के होता. रकमेला कमाल मर्यादा नाही, पण पैसा सात वर्षं अडकतो. वयस्करांना वयानुसार थोडी लवकर सुटका मिळते.

ज्याला थोडी कागदपत्रं आणि मोबाइल हाताळता येतो, त्याने रिझर्व्ह बँकेची ‘रिटेल डायरेक्ट’ सोय पाहावी. नोव्हेंबर २०२१ पासून सामान्य माणूस तिथे मोफत खातं उघडून १० हजार रुपयांपासून थेट सरकारी रोखे घेऊ शकतो, मधे दलाल लागत नाही.

बॉन्ड फंड: दर, कर्जदार आणि तारीख

‘बॉन्ड फंडात तोटा होत नाही’ असं एजंट सांगतात. ते खरं नाही. समजा, दहा वर्षांचा १०० रुपयांचा रोखा ७ टक्के व्याज देतो. उद्या बाजारात नवे रोखे ८ टक्क्यांना मिळू लागले, तर तुमचा जुना रोखा १०० ला कोण घेईल? त्याची किंमत सुमारे ९३ रुपयांवर येते. उलट नवा दर ६ टक्के झाला, तर तोच रोखा सुमारे १०७ ला जातो. फंडाचा भाव रोज या हिशेबाने हलतो. मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या काळात रिझर्व्ह बँकेने रेपो दर, म्हणजे बँकांना ती ज्या दराने कर्ज देते तो दर, ४ वरून ६.५ टक्क्यांवर नेला, तेव्हा लांब मुदतीच्या फंडांनी गुंतवणूकदारांना निराश केलं. २०२५ मध्ये दर उतरून ५.२५ वर आले, तेव्हा वातावरण पालटलं.

फंडाच्या मासिक पत्रकात, म्हणजे फॅक्टशीटमध्ये, ‘मॉडिफाइड ड्युरेशन’ नावाचा आकडा असतो. तो ६ असेल, तर व्याजदर एक टक्का वाढल्यावर फंड साधारण ६ टक्के पडेल, असं समजा. पैसा दोन वर्षांत लागणार असेल, तर हा आकडा दोनच्या आसपास किंवा त्याहून कमी असलेला फंड निवडा.

दुसरी बाब कर्जदाराची. सप्टेंबर २०१८ मध्ये आयएल अँड एफएस आणि २०१९ मध्ये डीएचएफएल या कंपन्यांनी हप्ते चुकवले, तेव्हा त्यांचे रोखे बाळगणाऱ्या फंडांचे भाव एका दिवसात कोसळले. २३ एप्रिल २०२० रोजी फ्रँकलिन टेम्पल्टनने सहा कर्जरोखे योजना बंद केल्या. पैसे नंतर टप्प्याटप्प्याने परत आले, पण ऐन टाळेबंदीत ज्याला हवे होते त्याला मिळाले नाहीत. मार्च २०२० मध्ये येस बँकेचे ‘एटी-वन’ रोखे, म्हणजे बँक अडचणीत आली तर बुडू शकणारे रोखे, शून्यावर आणले गेले. ते मुदत ठेवीला पर्याय म्हणून घेतलेल्या ज्येष्ठांना मोठा फटका बसला. ‘क्रेडिट रिस्क’ नावाच्या फंडाला किमान ६५ टक्के पैसा कमी दर्जाच्या रोख्यांत ठेवावाच लागतो. निवृत्तीच्या पैशासाठी तो घेऊच नका. ‘गिल्ट’ म्हणजे मुख्यतः सरकारी रोखे, ‘बँकिंग अँड पीएसयू’ म्हणजे किमान ८० टक्के बँका आणि सार्वजनिक संस्थांचे रोखे. सामान्य घराला एवढे दोन प्रकार पुरेसे आहेत.

तिसरी बाब तारखेची. ‘टार्गेट मॅच्युरिटी’ फंडाला ठरलेली मुदत असते, जसं भारत बॉन्डची एप्रिल २०३० ची मालिका. मुदतीपर्यंत थांबलात, तर मधल्या चढउताराचा फारसा त्रास होत नाही आणि घेतेवेळच्या दराच्या जवळपास परतावा मिळतो. मुलीचं शिक्षण २०३० मध्ये असेल, तर त्याच सुमाराच्या मुदतीचा फंड घ्या. खरेदी ‘डायरेक्ट’ योजनेत करा. त्यात एजंटचं कमिशन नसतं, आणि सात टक्के देणाऱ्या फंडात अर्धा टक्का वाचला तर तो मोठा असतो.

लाभांशाचे शेअर: टक्क्याच्या मागचं पाहा

शेअरची किंमत ४०० रुपये आणि वर्षाचा लाभांश २० रुपये असेल, तर लाभांशाचा दर ५ टक्के. हा दर दोन कारणांनी वाढतो: लाभांश वाढल्यामुळे किंवा किंमत पडल्यामुळे. किंमत पडल्याने वाढलेला दर बहुधा धोक्याचा इशारा असतो. बाजाराला पुढच्या अडचणीचा वास आलेला असतो.

कोल इंडियाचं उदाहरण बारकाईने पाहू. औष्णिक केंद्र कोळशावर चालतं, त्यामुळे परळीकरांना ही कंपनी परकी नाही. २०१० साली तिचा शेअर जनतेला २४५ रुपयांना विकला गेला. ऑक्टोबर २०२० मध्ये तो दीडशेच्याही खाली गेला होता. कंपनी लाभांश देत होती, २०१९–२० साठी तिने १२ रुपये दिले, पण मुद्दल निम्म्याच्या आसपास आलं होतं. ज्यांना त्या वेळी विकण्याची गरज पडली नाही, त्यांना २०२२–२३ साठी २४ रुपये २५ पैसे आणि २०२३–२४ साठी २५ रुपये ५० पैसे मिळाले. शेअर तोच आणि कंपनीही तीच. थांबू शकणाऱ्याचं भलं झालं, निकडीने विकणाऱ्याचं नुकसान झालं. म्हणून पुढच्या सात वर्षांत लागणारा पैसा शेअरमध्ये घालू नये.

शेअर निवडताना पाच गोष्टी वहीत उतरवा.

एक, गेल्या दहा वर्षांचा लाभांश. विशेषतः २०२० च्या कोविड वर्षात तो मिळाला का? ही माहिती मुंबई शेअर बाजार आणि राष्ट्रीय शेअर बाजाराच्या संकेतस्थळांवर फुकट मिळते.

दोन, नफ्यातला किती हिस्सा वाटला जातो. शेअरमागे ४० रुपये नफा आणि २० रुपये लाभांश असेल, तर कंपनीकडे वाढीसाठी पैसा उरतो. ४० पैकी ३८ वाटले, तर पहिल्याच वाईट वर्षी लाभांश घटेल.

तीन, रोकड. वार्षिक अहवालातल्या रोख प्रवाहाच्या तक्त्यात धंद्यातून आलेली रोकड लाभांशापेक्षा जास्त आहे का? कागदावर नफा दाखवता येतो, बँकेत पैसा दाखवणं कठीण असतं.

चार, कर्ज. कंपनीवर किंवा तिच्या मुख्य मालकावर मोठं कर्ज असेल, तर लाभांश त्या कर्जाच्या सोयीने ठरतो. वेदांताने २०२२–२३ साठी शेअरमागे १०१ रुपये ५० पैसे इतका प्रचंड लाभांश दिला. त्या काळात लंडनच्या मूळ कंपनीला कर्ज फेडायला पैसा हवा होता. असा लाभांश दरवर्षी मिळेल असं धरून घरखर्च बसवायचा नसतो.

पाच, कंपनीच्या मालाचा भाव कोणाच्या हातात आहे. केंद्र सरकारच्या कंपन्यांना नफ्याच्या ३० टक्के किंवा नक्त मूल्याच्या ४ टक्के, यातलं जे जास्त असेल तेवढा किमान लाभांश द्यावा, असा सरकारचा दंडक आहे. त्यामुळे त्या गुंतवणूकदारांना आवडतात. पण त्यांच्या मालाचा भावही सरकार धरून ठेवू शकतं. २०२२ मध्ये कच्चं तेल भडकलं आणि पंपावरचे दर मात्र गोठलेले राहिले. हिंदुस्तान पेट्रोलियम तोट्यात गेली आणि २०२२–२३ चा लाभांशच मिळाला नाही.

एकाच कंपनीवर किंवा एकाच धंद्यावर विसंबू नका. परळीचं औष्णिक केंद्र २०१५ मध्ये पाण्याअभावी बंद ठेवावं लागलं होतं. भक्कम यंत्रणा एका तुटवड्यावर थांबते, हे आपल्या जिल्ह्याने अनुभवलं आहे. वीज, बँक, औषधं, रोजच्या वापराच्या वस्तू, संगणक सेवा अशा पाच-सहा क्षेत्रांतल्या दहा-बारा कंपन्या असाव्यात. एवढा अभ्यास जमत नसेल, तर निफ्टी ५० चा इंडेक्स फंड घ्यावा. त्याचा लाभांश दर सव्वा टक्क्याच्या आसपासच असतो, पण पन्नास मोठ्या कंपन्यांच्या वाढीत वाटा मिळतो.

दोन गैरसमज सोडा. लाभांशाच्या आदल्या दिवशी शेअर घेऊन फुकटचे पैसे मिळत नाहीत. ४०० चा शेअर १० रुपये लाभांश देतो, तेव्हा ‘एक्स-डेट’ला, म्हणजे ज्या दिवसापासून नव्या खरेदीदाराला तो लाभांश मिळत नाही त्या दिवशी, त्याचा भाव साधारण ३९० पासून सुरू होतो. दुसरं, म्युच्युअल फंडाचा ‘लाभांश’ तुमच्याच गुंतवणुकीतून काढून दिलेला असतो. म्हणून बाजाराची नियामक संस्था सेबीने एप्रिल २०२१ पासून त्या पर्यायाचं नाव बदलून ‘आयडीसीडब्ल्यू’ (उत्पन्न वाटप आणि भांडवल काढणं) केलं. दरमहा पैसा हवा असेल, तर ‘ग्रोथ’ पर्याय घेऊन ठरावीक रक्कम काढण्याची सोय, म्हणजे एसडब्ल्यूपी, लावावी.

३० लाखांचा एक हिशेब

समजा, एसटीतून निवृत्त झालेले साठीचे गृहस्थ आहेत, हाती ३० लाख आहेत आणि ईपीएसची (कर्मचारी पेन्शन योजनेची) छोटी पेन्शन आहे. २ लाख राष्ट्रीयीकृत बँकेत, आजारपणासाठी. १५ लाख ज्येष्ठ नागरिक योजनेत: वर्षाला १ लाख २३ हजार, म्हणजे तिमाहीला ३० हजार ७५० रुपये. ६ लाख मासिक प्राप्ती योजनेत पत्नीसह: महिन्याला ३ हजार ७०० रुपये. या दोन्हींतून महिन्याला सरासरी १३ हजार ९५० रुपये, तेही सरकारच्या जबाबदारीवर. ४ लाख पाच वर्षांनी मुदत संपणाऱ्या बॉन्ड फंडात. उरलेले ३ लाख लाभांशाचे शेअर किंवा इंडेक्स फंडात, तेही एकदम नाही, बारा-पंधरा महिन्यांत विभागून.

लाभांश वर्षाला ९ हजारच आला तरी घरखर्चाला धक्का बसत नाही, कारण खर्च त्यावर बसवलेलाच नाही. या ३ लाखांचं काम वेगळं आहे. पोस्टाचं व्याज पाच वर्षं तेवढंच राहतं आणि किराणा दरवर्षी महागतो. ती दरी कालांतराने भरून काढायला हा भाग आहे. वय पंचेचाळीस असेल आणि शेतीचं उत्पन्न चालू असेल, तर शेअरचा भाग वाढवता येईल. डोक्यावर सावकाराचं कर्ज किंवा पीककर्ज असेल, तर आधी ते फेडावं. सावकाराला चोवीस टक्के व्याज भरत पाच टक्के लाभांश कमावण्यात काही हाशील नाही.

कराच्या चार गोष्टी

लाभांश २०२० पासून तुमच्या उत्पन्नात धरला जातो. वर्षाला एका कंपनीकडून १० हजारांहून जास्त मिळाला, तर १० टक्के टीडीएस कापला जातो. एप्रिल २०२३ नंतर घेतलेल्या बॉन्ड फंडाचा नफाही तुमच्या उत्पन्नाच्या टप्प्याने करपात्र आहे, कितीही वर्षं ठेवला तरी. शेअर वर्षभरानंतर विकल्यास सव्वा लाखाच्या वरच्या नफ्यावर साडेबारा टक्के, वर्षाच्या आत विकल्यास २० टक्के. ज्येष्ठांच्या योजनेचं व्याज वर्षाला १ लाखाच्या वर गेलं, की टीडीएस कापला जातो. वरच्या उदाहरणात तेच होईल. एकूण उत्पन्नावर कर लागत नसेल, तर वर्षाच्या सुरुवातीलाच पोस्टात स्वयंघोषणेचा अर्ज द्या.

लेकरू कॅनडात असेल तर

अंबाजोगाई, बीडची मुलं आज टोरांटो, मिसिसॉगात नोकऱ्या करतात. तिथल्या बँकांच्या लाभांशाची ख्याती मोठी आहे. बँक ऑफ मॉन्ट्रिअल १८२९ पासून सलग लाभांश देत आली आहे. तिथे राहणाऱ्या मुलाने हे शेअर आणि बॉन्ड फंड २००९ पासून सुरू असलेल्या ‘टीएफएसए’ या करमुक्त खात्यात घ्यावेत. त्या खात्याबाहेरही कॅनडाच्या कंपन्यांच्या लाभांशाला तिथे करसवलत असते, आणि भारतातल्या लाभांशाला ती नसते. भारतातला लाभांश आणि व्याज तिथल्या विवरणपत्रात दाखवायचं, आणि परदेशी गुंतवणुकीची खरेदी किंमत १ लाख कॅनेडियन डॉलरच्या वर गेली तर वेगळा अर्ज भरायचा.

इथल्या आईवडिलांनी मात्र कॅनडाच्या शेअरच्या मोहात पडू नये. लाभांशावर तिथेच २५ टक्क्यांपर्यंत कर कापला जातो, डॉलरचा भाव हलतो, आणि आपल्या विवरणपत्रात परदेशी मालमत्तेची नोंद राहून गेली तर मोठा दंड आहे. बीडच्या निवृत्त घराला हा खटाटोप परवडत नाही.

या महिन्यात करायची कामं

पोस्टातलं आणि बँकेतलं काम आधी उरका, डीमॅट खातं नंतर. दलाल आणि सल्लागार यांचा सेबी नोंदणी क्रमांक सेबीच्या संकेतस्थळावर स्वतः पाहा. सल्लागाराचा क्रमांक ‘आयएनए’ने आणि दलालाचा ‘आयएनझेड’ने सुरू होतो. कोणाच्याही वैयक्तिक खात्यात पैसे पाठवू नका. शेअरमध्ये ठरलेला परतावा देण्याचं वचन देणारा माणूस नियमबाह्य बोलतो आहे, एवढंच पक्कं ध्यानात ठेवा.

प्रत्येक खात्याला वारस नेमा. बँकेचा आयएफएससी किंवा मोबाइल बदलला, तर डीमॅटमध्येही बदला. सात वर्षं लाभांश न घेतल्यास तो आणि ते शेअरही सरकारच्या गुंतवणूकदार निधीत जमा होतात. ते परत मिळवता येतात, पण कागदांची दगदग मोठी असते. जुन्या पेटीत वडिलांच्या नावाची शेअर प्रमाणपत्रं असतील, तर त्यांचाही याच निधीच्या संकेतस्थळावर शोध घ्या.

सगळ्या गुंतवणुकीची एक वही करा: कुठे, किती, मुदत कधी, वारस कोण. ती पत्नीला आणि मोठ्या मुला-मुलीला दाखवा. मल्टिस्टेटच्या प्रकरणांत कित्येक घरांना पैसा कुठे होता हे अडकल्यावरच कळलं. पुढचा पैसा ठेवताना समोरच्याला तीनच प्रश्न विचारा: हे उत्पन्न कुठून येतं, मुद्दल बुडालं तर जबाबदार कोण, आणि मला हवा तेव्हा पैसा किती दिवसांत मिळेल? तिन्ही उत्तरं कागदावर मिळाली तरच सही करा.